पहिल्या घासाची नजर

ही गोष्ट २०१४ सालची, तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आज इथे परदेशात, मुलाच्या घराजवळ, क्लेमेंटीच्या बाजारात वाळलेल्या संत्र्याच्या सालींचा वास आला आणि त्या चिनी वैद्याचं दुकान पुन्हा समोर उभं राहिलं.

मला खोकला, बायकोलाही खोकला. सून आम्हा दोघांना तिथे घेऊन गेली. वैद्यानं नाड्या धरल्या, जिभा बघितल्या आणि दोघांना वेगवेगळ्या मुळ्या-साली बांधायला घेतल्या. मी चिडलो. "खोकला एकच, मग औषधं दोन कशाला? शाळा कमी झाली म्हणून काय, एवढं कळतं मला."

सुनेनं इंग्रजीत सांगितलं, तसा म्हातारा वैद्य हसला आणि बोलण्याला इथली 'लाह'ची शेपटी लावून म्हणाला, "खोकला सेम, माणूस सेम नाही लाह!" मग त्यानं सुनेमार्फत माझ्या बायकोला विचारलं, काय खावंसं वाटतं?

"हे खातील ते."

"बाबांचं नाही हो आई, तुमचं विचारतायत."

तिनं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "गणपतीपासून जिभेला चवच नाही. मीठसुद्धा कळत नाही."

रोजची आमटी तिच्याच हातची. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून जन्मभर ती मीठ अंदाजानंच घालायची. मग तिची चव गेलीय हे मला कळणार कसं? मी पहिला घास घेतला की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, कौतुकाची वाट बघतेय. ती तर माझ्या तोंडावरून मीठ ताडत होती.

आता ती नाही. पण पहिला घास घेताना ती नजर अजून तोंडावर येते.

तेव्हा, वैद्याकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला, तिच्या पुडीचा काढा उकळला, एक घोट घेतला आणि तिला सांगितलं, "कडू आहे गं, पण मागून जरा गोड लागतो."