विमानाची वाट पाहणारा सुदानी

बायकोला आणायला कुवेत विमानतळावर गेलो आणि अर्धा तास निघणाऱ्यांच्या दारात उभा राहिलो. शेवटी एका वयस्क सुदानी गृहस्थाने हाताला धरून येणाऱ्यांच्या दारापाशी नेलं. त्याची मुलगी सुदानमधल्या युद्धातून निसटून येत होती. तिच्या विमानाला उशीर झालेला; तो जपमाळेचा एकच मणी चोळत होता.

मी पडलो चौकस. विचारलं, "खांद्यावरून विमान पाडणारी क्षेपणास्त्रं बंडखोरांना देतं कोण?"

"आधी मित्रदेश आमच्या सैन्याला देतात," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "मग सैन्य फुटतं, गोदामाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाते. मुलीचं विमान त्याच गोदामाजवळून उडालंय, भाई."

तेवढ्यात बायको आली. गाडीत मी तिला हे सगळं रंगवून सांगितलं.

"एवढं विचारलंत," ती म्हणाली, "आणि मुलगी उतरली का ते न बघताच निघालात? वळवा गाडी."