वसुधाला ब्युनॉस आयर्स दाखवताना

प्रवासाचे किस्से फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे असतात. वाटीवाटीने साठत जातात आणि मग एखाद्या शनिवारी कुणीतरी झाकणं उघडतं. ऑकलंडजवळच्या पापाकुराला भाव्यांच्या घरी आमचा शनिवारचा चहा असतो, तिथे ब्युनॉस आयर्सच्या वाट्या अजून संपलेल्या नाहीत. प्रत्येक किश्शात घाबरलेला माणूस मीच असतो. तरीही सांगतो मीच, कारण भावे सांगतात तेव्हा मी आणखी घाबरलेला असतो.

वसुधा, माझी बायको, पुण्यात शाळेत भूगोल शिकवायची. जन्मभर मुलांना छडीने नकाशावर ब्युनॉस आयर्स दाखवलं आणि स्वतः जायची वेळ आली तेव्हा हातात चालायची काठी आली होती. आदल्या वर्षी तिला मेंदूचा सौम्य झटका येऊन गेला, त्यातून डावा पाय जरा मागे राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जमेल तितकं चालू द्या. मी गणितात पीएच.डी. केली आहे, पण 'जमेल तितकं' म्हणजे नक्की किती, हे मला अजून सुटलेलं नाही. त्यामुळे मी तिला जवळपास काहीच करू देत नसे.

ऑकलंडहून थेट विमान होतं, भावे आणि शैलावहिनी तयार होते, मी एकटा विरोधात. शेवटी आमची नात इरा म्हणाली, "आजी इज फाइन. आजोबा, यू आर द प्रॉब्लेम."

तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र असं येतं.

* * *

त्या विमानाची गंमत अशी, की शुक्रवारी संध्याकाळी निघालो आणि शुक्रवारीच दुपारी पोचलो. तारीखरेषेचा महिमा. पण वसुधाने संध्याकाळची रक्तदाबाची गोळी ऑकलंडच्या विमानतळावर घेतली होती आणि आता तीच संध्याकाळ पुन्हा यायची होती!

मी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. तो चुकला. दुसऱ्या नॅपकिनवर मांडला, उत्तर वेगळं आलं. हवाईसुंदरीला विचारलं, तिने मला पाणी दिलं.

वसुधा सगळं शांतपणे बघत होती. म्हणाली, "अहो, पृथ्वी कशी फिरते ते मी शिकवलंय. मी रात्री जेवल्यावर घेईन. तुम्ही मात्र आत्ताच काहीतरी घ्या."

* * *

भावे निवृत्त इंजिनियर. कुठल्याही देशात तिथल्या रीतीने वागावं, असा त्यांचा आग्रह. न्यूझीलंडला आल्यावर ते माओरी पद्धतीने नाकाला नाक लावून अभिवादन करायला शिकले आणि त्याचा त्यांना फार अभिमान.

ब्युनॉस आयर्सला आमच्या घरमालकीणबाई दारातच भेटल्या. तिकडे गालाला गाल लावून स्वागत करतात. बाई पुढे झाल्या. भाव्यांच्या डोक्यात काय झालं कोण जाणे, त्यांनी डोळे मिटले आणि नाक पुढे केलं.

बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी अगदी प्रेमाने भाव्यांच्या नाकाच्या शेंड्याचा मुका घेतला.

भावे लाल. शैलावहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, मला नाही हो सुचलं हे."

* * *

बागेत कॉलेजची पोरं गवतावर बसून माते पीत होती. माते म्हणजे तिथला कडवट हिरवा चहा. भांडं एक, धातूची नळी एक, आणि सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. पोरांनी वसुधाला भांडं दिलं. मला जंतू दिसू लागले. मी काही बोलायच्या आत तिने नळी तोंडाला लावली होती.

तिला ते भलतंच आवडलं. भांडं परत देताना ती तोंडभर हसून "ग्रासियास" म्हणाली. न्यूझीलंडमध्ये राहून बसमधून उतरताना ड्रायव्हरलासुद्धा थँक्यू म्हणायची सवय लागलेली. भांडं फिरत फिरत आलं आणि तिला वगळून पुढे गेलं. असं दोनदा झालं. ती हिरमुसली.

शेवटी एका मुलीने सांगितलं, की इथे आभार मानले म्हणजे पुरे झालं, आता नको.

वसुधा सावरून बसली. पुढचं भांडं आलं, ते प्यायली आणि शिष्टपणे, एक अक्षर न बोलता परत केलं. मग आम्ही तिला तिथून उठवेपर्यंत ती तशीच उद्धट वागली.

* * *

हा किस्सा भाव्यांचा लाडका आहे, माझा नाही.

त्या शहरात एक रस्ता इतका रुंद आहे की आपलं एक गाव आडवं झोपेल. पलीकडे वसुधाला बघायचं असलेलं मोठं ऑपेरागृह होतं. मधे बेटं आहेत, लोक दोन-तीन टप्प्यांत ओलांडतात. मी सिग्नलचे सेकंद मोजले, वसुधाची पावलं मोजली, आणि टॅक्सी थांबवली.

होय, रस्ता ओलांडायला!

ड्रायव्हरने दोनदा पत्ता विचारला. मी बोटाने समोर दाखवलं. एका दिशेच्या वाहतुकीमुळे त्याला मोठा वळसा घ्यावा लागला. आम्ही पोचलो तेव्हा भावे आणि वहिनी पायी येऊन, फोटो काढून, आइस्क्रीम खात उभे होते.

वसुधा उतरली. ऑपेरागृहाकडे तिने पाहिलंच नाही.

"मला हे शहर बघायचंय हो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मला ते नुसतं ओलांडून देताय."

* * *

शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही टँगोच्या बैठकीला गेलो. पर्यटकांना तमाशे दाखवतात तिथे नव्हे. जिथे शेजारपाजारची म्हातारी माणसं स्वतःसाठी नाचायला येतात, तिथे. दारातल्या बाईंनी बायकांना एका बाजूला बसवलं, पुरुषांना समोरच्या. भावे म्हणाले, अगदी आपल्या मुंजीसारखं. मी मात्र हादरलो. वसुधा आणि माझ्यामधे अख्खा हॉल होता.

वाद्यवृंद सुरू झाला. पेटीची लांबलचक बहीण वाटावी असं ते वाद्य एका जागी असं काही रेंगाळलं, की वसुधाने पुण्याच्या मैफलीत करायची तेच केलं. समोर दिसलेल्या पहिल्या माणसाकडे बघून, वा, अशी मान हलवली.

समोर तपकिरी सुटातले एक आजोबा होते. ते उठले आणि हॉल ओलांडून चालू लागले.

मी धडपडत उभा राहिलो. दारातल्या बाईंनी मला खाली बसवलं. इथे तोंडाने विचारत नाहीत, त्या इंग्रजीत म्हणाल्या. लांबूनच नजर मिळवून मान हलवायची, की नाच ठरला. "तुमच्या मिसेसनी बोलावलंय त्यांना."

"ती गाण्याला दाद देत होती!"

"उत्तम. मग गाणं कळतं त्यांना."

वसुधाने पुढे आलेला हात पाहिला. काठी पाहिली. काठी खुर्चीला टेकवून ती उठली. आजोबांनी तिला नाचवलं नाही, फक्त चालवलं. ती जितकं चालेल तितकंच. डावा पाय मागे राहिला, की तेही थांबत, जणू गाण्यातच तसं लिहिलंय. त्यांनी तिला खुर्चीपर्यंत आणून सोडलं, वाकून नमस्कार केला आणि गेले.

वसुधाने कपाळ पुसलं, पदर सारखा केला. पुढचं गाणं सुरू झालं. तिने हॉलच्या त्या टोकावरून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी मागे वळून पाहिलं, माझ्या मागे कोण बसलंय ते.

मागे भिंत होती.