कामत मॅडमचा व्हॉल्यूम

"सर, ओवी परत पळाली!"

दुसरी बीच्या मॉनिटरने स्टाफरूमच्या दारातूनच बोंब मारली. माझा चहा तिथेच राहिला. ओवी जिन्याखाली सापडली. कान दाबून, गुडघ्यांत डोकं घालून. मी थोडा लांब, जमिनीवर गप्प बसलो. अशा वेळी समजूत काढायला जाणं म्हणजे आवाजात अजून आवाज.

मी मुलुंडच्या एका शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे. गावी आईला वाटतं, मीच कोणीतरी स्पेशल आहे. मीही तिला काही सांगत नाही.

ओवीचा प्रश्न सेन्सरी. म्हणजे शेजारचा मिक्सर आपल्याला शेजारी ऐकू येतो, तिला तो डोक्यात ऐकू येतो. अशा वेळी स्वतःला सावरता येणं म्हणजे सेल्फ-रेग्युलेशन. मोठ्यांनाही ते जमत नाही. सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बघा.

आमच्या सुपरवायझर कामत मॅडमनी ओवीच्या आईला बोलावलं. "सोमवारपासून हाफ डे करू या."

"मॅडम, मी भांडुपला पॅकिंगला आहे. रोज मधेच कोण सोडणार मला? नोकरीच जाईल ओ."

"आणि पळताना जिन्यावरून पडली तर? उत्तर मी द्यायचं."

दोघींचंही खरं होतं. मी मधे तोंड घातलं. "मॅडम, ती कशाला पळते ते तरी कळू दे. शुक्रवारपर्यंत द्या."

"शुक्रवार. नंतर हाफ डे."

सगळ्यांचा संशय बेलवर. मी कान झाकायचे हेडफोन दिले. डोकं दाबतात म्हणून तिने फेकून दिले. मग वर्गात मागे बसून बघितलं, तर बेलला ती पळतच नव्हती. विचारलं तर सांगता येईना.

शेवटी मी माझं जुनं हत्यार काढलं. कणकवलीच्या शाळेत मी नकला करून भरपूर मार खाल्लाय. ओवीला म्हटलं, "मी रेडिओ. हे माझं आयडी कार्ड म्हणजे बटण. डावीकडे फिरवलं की हळू, उजवीकडे मोठ्याने."

आधी बेल काढली, अगदी बारीक. तिने बटण उजवीकडे फिरवलं. पीटी सरांची शिट्टी, परत उजवीकडे. बाकं सरकवल्याचा आवाज, जरासं डावीकडे. माझा स्टॉक संपत आला, म्हणून कामत मॅडम काढल्या, वर्गातल्या स्पीकरच्या खरखरीसकट. "खर्रर्र... चिल्ड्रेन, अटेन्शन!"

ओवी हसली नाही. कार्ड डावीकडे एवढं पिळलं की पट्टी माझ्या गळ्याला आवळली.

वर्गात जाऊन वर बघितलं. स्पीकर बरोबर तिच्या बाकाच्या वर. बेल कधी होणार ते तिला माहीत असतं. मॅडम मात्र स्पीकरवर कधीही येतात, कोणाची बाटली हरवली तरी.

आता हे सांगायचं कोणाला, तर त्यांनाच.

"मॅडम, तो आवाज... तुमचा आहे."

"मी काय ओरडते?"

"स्पीकर ओरडतो, मॅडम. तुम्ही फक्त आत असता."

"तिला कसं ऐकू येतं? करून दाखव."

"नको ना, मॅडम."

"अख्ख्या स्टाफला दाखवून झालंय, मला माहितीये. मीच राहिलेय. कर."

केलं. फुल व्हॉल्यूम. बाहेरून शिपाई धावत आत आला. "बोलावलंत, मॅडम?"

मॅडमचं तोंड बंद होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या माइककडे.

त्याच दिवशी ओवीचं बाक खिडकीकडे हललं, त्या वर्गाचा स्पीकर कमी झाला. अनाउन्समेंट फक्त मधल्या सुट्टीनंतरच्या बेलला, असं ठरलं. शिवाय नको झालं की ओवीने हवेत बटण डावीकडे फिरवायचं, पॅसेजमध्ये उभं राहायचं आणि परत यायचं. पळायचं नाही.

शुक्रवारी मॅडम स्वतःच विसरल्या. गणिताच्या तासाला कोणाचा तरी डबा सापडला आणि स्पीकर खरखरला. मी मागच्या बाकावरून अर्धा उठलो. ओवीने कान दाबले. मग एक हात काढला, टीचरकडे बघून हवेत बटण फिरवलं, बाहेर जाऊन भिंतीला टेकली. थोड्या वेळाने आली आणि वजाबाकी लिहायला लागली. आवाज तिला लागलाच होता. पण या वेळी तिने सांगितलं, आणि ती परत आली.

हाफ डे रद्द झाला. मी वर्गाच्या दारातूनच ओवीच्या आईला फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "मग सोमवारी मी कामावर जाऊ ना?"

"बिनधास्त जा."

तेवढ्यात मॅडम वर्गात शिरल्या आणि असेंब्लीच्या आवाजात गरजल्या, "व्हेरी गुड, ओवी!"

ओवी उठली. मॅडमच्या गळ्यातलं आयडी कार्ड धरलं आणि डावीकडे फिरवलं.

"व्हेरी गुड, ओवी," मॅडम कुजबुजल्या.

पोर पळालं की आपण त्याच्या मागे धावतो. ते कशापासून पळतंय, तेही एकदा बघून यावं. बाकी स्टाफरूममध्ये मी हल्ली मॅडमची नक्कल करत नाही. त्यांचा तो हळू आवाज मला अजून जमलेला नाही.