खांदेरीच्या वाटेवरचा देवमासा

माझे सासरे देवजी, म्हणजे आमचे बाबा, दिवाळे गावचे कोळी. पंच्याहत्तर साली खोल समुद्रात त्यांनी देवमासा जेवताना पाहिला आणि तेव्हापासून गाव त्यांना हसतंय. हसायला सुरुवात केली त्यांच्याच जिगरी दोस्ताने, हिरामणमामांनी. बाबा सांगायचे, "तो उजव्या कुशीवर वलतो, मंग जाबडा फाकवतो." मामा म्हणायचे, "आनि वर ढेकर पन देतो!" माझं डोकंच फिरायचं. मी कराडची, मासळीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणूस खरं बोलतोय हे कळतं ना!

पंच्याण्णव साली काचबिंदूने बाबांची नजर पुरती गेली. त्याच वर्षी खांदेरीच्या वेताळाला नारळ द्यायला आम्ही सगळे मामांच्या होडीतून निघालो. बेट दिसायला लागलं आणि बाबा एकदम उभे राहिले. "पाखरा वरडतान. तारलीचा वास येतंय. हिरामन, मशीन बंद कर!"

मामांनी कुरकुरत मशीन बंद केलं. समोर तारली मासळी नुसती उडत होती. आणि खालून, आई शप्पथ, काळं कायतरी वर आलं, येतच राहिलं!

"देवमासा!" मी किंचाळले.

"नाव नको घेव!" बाबा खेकसले. "बोट दाखवतेस ना? खाली घे! दर्यावर त्याला थोरला म्हनायचा."

मी घाईघाईने हात जोडले, पण तोंड कुठलं गप्प बसतंय! बाबा भलतीकडेच मान वळवून विचारत होते, "हिरामन, काय करतंय त्यो? सांग ना!"

मामा आधी होडीच्या काठावर वाकले. मग एकदम सुटले. "वलला रं, देवजी! जाबडा फाकला! आख्खी तारली आत! गला असा फुगलाय, आपली होरी बसल त्यात!"

"कंच्या कुशीवर?"

मामांनी पुन्हा नीट पाहिलं. "उजव्या," म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

तीन वेळा आला तो. बाबा होडीत नाचत होते, ओरडून ओरडून माझा घसा बसला. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता!

संध्याकाळी जेट्टीवर उतरताच मामांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, अगदी कुशीवर वळून दाखवत. लोक हसले. "मामा, तुमाला पन देवजीची हवा लागली काय?" मामा लालबुंद झाले, शिव्या घालायला लागले. वीस वर्षं आमच्या घराने हेच सोसलं होतं.

बाबांनी चाचपडत त्यांचा खांदा धरला. "हसू दे रं त्यांना," म्हणाले. "तू बगलास ना? मंग झाला."