दुपारचा रकाना

माझ्या पोळपाटावर पाण्याचा एक गोल डाग आहे, स्टीलच्या लहान बादलीच्या काठाएवढा. आत्या माझ्याकडे मुलुंडला राहायला आली त्या दिवसापासून, दुपारची जेवणं झाली की ती न्हाणीघरातली बादली भरायची आणि तिच्यावर पोळपाट उपडा ठेवायची. दिवेलागणीपर्यंत त्या पाण्याला हात लावायचा नाही. नळाला पाणी असलं तरी नाही. मला कधी दुपारी पोळ्या लाटायच्या असल्या तर आधी तिची परवानगी काढावी लागे, आणि ती मिळत नसे.

"दोन तास भात खा गो. मरूचंस नाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरच्या एका लहान बेटावर गेली आणि पन्नासेक वर्षं तिथंच राहिली. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर आम्ही तिला इकडं ये म्हटलं, तर ती म्हणाली, बावेक कोण बगतलो? विहिरीला ती बाव म्हणायची. बेटावर तीन विहिरी होत्या आणि सगळ्यात गोडं पाणी तिच्या घरामागच्या परड्यातल्या विहिरीचं होतं. अर्धी वस्ती तिथंच पाणी भरायची.

तिन्ही विहिरींचा एक नियम होता. शिमगा झाला की पहिल्या पावसापर्यंत रोज दुपारी विहिरीवर फणसाची एक जाड फळी टाकायची. बाव निजली, असं म्हणायचे. जेवणं झाल्यापासून दिवे लागेपर्यंत कुणी कळशी सोडायची नाही. लहानपणी सुट्टीत गेले की मी त्या फळीजवळ हळू बोलायची, विहीर जागी होईल म्हणून.

पुढं मी नगरनियोजन शिकले आणि पुस्तकात या झोपेचं कारण सापडलं. समुद्रातल्या लहान बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. भराभर उपसलं की खालचं खारं वर येतं. मध्ये थांबलं की गोडं पाणी पुन्हा साचतं. मला फार आनंद झाला होता. आत्याला फोन करून मी हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या शिकूक तुका किती वर्सां लागली?"

मी साकीनाक्याच्या एका लहान सल्लागार कंपनीत काम करते. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर आम्ही. लोखंड कापल्याचा आवाज ऐकत आम्ही डोंगरांचे, तलावांचे, किनाऱ्यांचे पर्यटन आराखडे करतो. एके वर्षी नेमकं आत्याच्या बेटाचंच काम आमच्याकडे आलं. शाश्वत पर्यटन आराखडा. त्यातला माझा भाग धारणक्षमतेचा होता, म्हणजे बेटाचं काही न बिघडवता रोज किती पाहुणे तिथं उतरू शकतील ते काढायचं. गोड्या पाण्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून प्रत्येक विहिरीची पातळी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजायची होती, आणि ती मे महिन्यात मोजायची होती.

मी आमच्या वरिष्ठांना तसं सांगितलं.

"अगं, मार्चएंडला सबमिशन आहे," ते म्हणाले. "मे महिन्यातल्या रिपोर्टचं काय लोणचं घालू? आत्ता जाऊन ये. घरचंच बेट आहे ना तुझं? मस्त मासे खा, रीडिंग घे, ये. विहीर काय पळून जाणार आहे?"

मी शिमग्यानंतर चारच दिवसांनी गेले. होडी उशिरा सुटली. आत्याच्या परड्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि विहिरीवर फळी होती. परतीची होडी भरतीच्या वेळेमुळं त्याच दिवशी दिवेलागणीआधी निघणार होती. मी पिशवीतून वजन लावलेली फीत काढली आणि आत्याकडं पाहिलं.

"आता नको. बाव निजली हा," ती म्हणाली. "फाटफटी बग, सगळी पाणी भरून गेल्यार. नायतर मे म्हयन्यात ये. तेवा खरा काय ता समाजतला."

"सकाळपर्यंत थांबता येणार नाही गं. एकदाच बघते. लगेच झाकू."

ती फळीपाशी आली. मग पदर खोचून तिनं फळीचं एक टोक धरलं. "तुझ्यासाठी म्हणान. दुसऱ्या कोणाक दिलंय नसतंय." दुसरं टोक मी धरलं. विहीर सकाळपासूनचा उपसा विसरून भरत आली होती. पाणी वर होतं, स्वच्छ होतं. मी फीत सोडली, आकडा लिहिला, ओंजळभर पाणी चाखलं. गोडं. उरलेल्या दोन विहिरींवरही त्यांच्या मालकांनी फळ्या सारून दिल्या, मी तिची भाची म्हणून.

साकीनाक्याला परत आल्यावर तक्ता भरायला बसले. प्रत्येक विहिरीसमोर तीन रकाने होते. दुपारचा आकडा माझ्याकडं होता. सकाळच्या रकान्यात मी त्याहून दोन बोटं कमी लिहिलं, संध्याकाळच्यात एक बोट. खरं दिसावं म्हणून सगळीकडं सारखा फरक ठेवला नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत. झोपेत भरलेल्या विहिरीला मी दिवसभर भरलेली दाखवलं, आणि त्या पाण्यावरून पाहुण्यांचा आकडा काढला. तो इथं लिहीत नाही. मला तो पाठ आहे.

आराखडा मंजूर झाला. धक्का मोठा झाला, सकाळच्या दोन होड्यांच्या जागी दिवसभर होड्या यायला लागल्या. वस्तीतल्या बऱ्याच घरांनी मागं दोन-दोन खोल्या काढल्या. लोकांना बरे दिवस आले, हे खोटं नाही. ज्या मुलांना गोव्याला हॉटेलात कामाला जावं लागे ती घरी राहिली. फक्त खोल्यांना न्हाणीघरं लागली, न्हाणीघरांना टाक्या लागल्या आणि टाक्यांना मोटारी. पाहुणे दुपारी समुद्रावरून येऊन आंघोळ करतात. फळ्या भिंतीला टेकून राहिल्या.

दोन उन्हाळ्यांनंतर आत्याचा फोन आला. चहात दूध घातलं की फाटतंय. डाळ शिजत नाही. तिला आधी वाटलं होतं दूधवाला फसवतोय, म्हणून तिनं त्याच्याशी भांडणही केलं होतं. मी गेले, विहिरीचं पाणी चाखलं, ते खारट होतं, आणि तिला घेऊन आले.

मुलुंडला आमचं घर पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून हायवे दिसतो आणि त्याच्या पलीकडं मिठागरं. पहिल्या सकाळी ती बराच वेळ तिथं उभी होती.

"ता पांढरा काय गो?"

"मीठ. समुद्राचं पाणी आत घेऊन सुकवतात."

"मुद्दाम?"

"हो."

"मुंबैची माणसां हुशार," ती म्हणाली, आणि खिडकीपासून दूर झाली.

त्याच आठवड्यात सोसायटीचं पाणी कमी आलं म्हणून टँकर आला. ती पदर सावरत खाली गेली आणि ड्रायव्हरला विचारलं, "खंयच्या बावेचा पाणी ह्या?" तो म्हणाला, "आजी, ते नका विचारू. शेठलाच माहीत नाही." तिला ते उत्तर फार आवडलं. कुणी आलं की ती त्याची नक्कल करून दाखवायची.

एके दुपारी बादलीवर पोळपाट ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. "एक सांगू? कोणाक सांगा नको. बाव माझ्यामुळा खारी झाली. निजलेली बाव मीच उठवलंय. तुझ्यासाठी फळी काढलंय मा मी? त्येच्या आदी कोणी काडूक नव्हती. माझ्या सासवेनं सुदिक नाय."

मी पुस्तक वाचत होते. ते मिटलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. फळी काढली म्हणून विहीर बिघडत नाही आत्या, मी सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा मनानं लिहिला. एवढी दोन वाक्यं. ती कदाचित रागावली असती, कदाचित तिला कळलंही नसतं की कागदावरच्या आकड्यानं विहीर कशी खारी होते. पण चूक आपली नाही हे तिला कळलं असतं.

"असं काही नसतं गं," मी म्हणाले. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

तिच्या श्रद्धेला समजूतदारपणे बाजूला सारणारी शिकलेली भाची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर दीड वर्ष ती माझ्याकडं होती आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. ती रोज दुपारी बादली झाकत राहिली. ती त्या विहिरीची माफी मागत होती हे मला ठाऊक होतं, आणि मी शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणची धारणक्षमता काढत होते.

मार्गशीर्षात ती अंथरुणाला खिळली. मग पोळपाट मी ठेवायला लागले. तीन आठवडे ठेवला. शेवटच्या दिवशी जेवणानंतर तिनं डोळे न उघडताच विचारलं, "फळी घातलंस?"

"घातली," मी म्हणाले.

घातली नव्हती. सकाळपासून डॉक्टरांना फोन चालले होते, बादलीत तिची लुगडी भिजत पडली होती. उठून जायला चार पावलं होती. मी जागेवरूनच रकाना भरला. तासाभरानं ती गेली.

तेराव्यानंतर मी कामावर गेले तर टेबलावर बेटाची फाइल होती. आराखड्याचा दुसरा टप्पा. पाहुण्यांची संख्या वाढवता येईल का ते पाहायचं होतं.

"सोपं आहे," वरिष्ठ म्हणाले. "बेस आकडा तयारच आहे, तुझाच. त्यावर वाढ दाखवायची."

"सर, तो आकडा खोटा आहे. तीनपैकी दोन रीडिंग मी घेतलीच नव्हती."

त्यांनी दार लोटलं. खालून लेथचा आवाज येत होता, तरी ते हळू बोलले. "अगं, कोण नाही भरत? एखादा रकाना भरतोच माणूस. तू आत्ता दुःखात आहेस, म्हणून तुला ते एवढं मोठं वाटतंय."

"त्या विहिरीचं पाणी मी चाखलंय, सर. दोन्ही वेळा."

त्यांनी फाइल मिटली. वाईट माणूस नाही. माझ्या आत्यासाठी त्यांनी मला कितीदा लवकर घरी सोडलं होतं. शेवटी म्हणाले, "बरं, मे मध्ये जा. नीट मोजून आण. पण आकडा फार खाली आणलास तर तिथल्या लोकांची वाट लागेल, एवढं ध्यानात ठेव. त्यांनी घरं वाढवलीत त्या आकड्यावर."

हे त्यांचं खरं होतं, आणि ते ओझंही माझंच.

मे महिन्यात आठ दिवस मी आत्याच्या बंद घरात राहिले. शेजारची बाई रात्रीचं जेवण द्यायची. तिच्या मागच्या तीन खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या होत्या. पिण्याचं पाणी ती किनाऱ्यावरून कॅनमधून आणते. मी कशासाठी आलेय ते तिला सांगितलं, मागच्या वेळी काय केलं तेही. ती माझ्या ताटात भात वाढता वाढता थांबली.

"आमच्या खोल्यो बंद करतलंस?"

"माहीत नाही. पाणी किती आहे ते मोजतेय."

"मग नीट मोज," ती म्हणाली, आणि भात वाढला.

रोज उजाडता मी वस्तीतल्या बायका भांड्याधुण्याचं पाणी भरून जाईपर्यंत थांबायची आणि मग फीत सोडायची. आत्यानं सांगितलं होतं तसं. फीत खाली, आणखी खाली जायची. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा. फणसाची फळी परसातल्या भिंतीला टेकलेली होती, एका कडेला वाळवीनं खाल्लेली. पहिल्या दुपारी फीत घेऊन गेले आणि तशीच परत फिरले. शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून फळी विहिरीवर टाकली. आठही दिवस टाकली. त्यानं पाणी गोड होणार नव्हतं. बाकीच्यांच्या मोटारी चालूच होत्या. मला ते माहीत होतं आणि शेजारणीलाही.

मुलुंडला परतल्यावर अहवाल लिहिला. पहिल्याच पानावर जुन्या तक्त्यातले कोणते आकडे मोजलेले नव्हते आणि ते कुणी लिहिले, ते नोंदवलं. नवा आकडा जुन्याच्या निम्म्याहूनही खाली आला होता. तो पाठवला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला.

"ते पहिलं पान काढायचं का आपण?"

"नको, सर. तुम्ही काढलंत तर तेच मी हरकत म्हणून पाठवीन. मसुदा जाहीर झाला की सरकार लोकांच्या हरकती मागवतंच."

पलीकडं त्यांनी कागद उलटल्यासारखं वाटलं. "आणि हे काय? दुपारचं रीडिंग राहिलंय तुझं. आठही दिवस रिकामं आहे."

"राहिलं नाही. घेतलं नाही. शेऱ्यात लिहिलंय बघा."

त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला. "'या वेळी विहीर झाकलेली असते.' असं नाही चालत गं. रकाना रिकामा दिसला की फाइल परत येते. सकाळ-संध्याकाळ आहे ना तुझ्याकडं? मधलं भरून टाक ना. किती वेळ लागतो त्याला?"

"पाच मिनिटंही लागत नाहीत," मी म्हणाले. "पण नाही भरणार."

त्यांनी फोन ठेवला. पहिलं पान राहिलं की गेलं ते अजून कळलेलं नाही. हरकतीचा छापील अर्ज भरून तयार आहे. त्यात 'बेटाशी आपला संबंध' असा एक रकाना आहे, आणि तिथं काय लिहायचं ते तेवढं ठरत नाही.