सोनचाफ्याच्या अर्जाची पोच

सातिवलीच्या एका कारखान्यात मी आवक-जावक बघतो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, सही. हात इतका बसलाय की एकदा घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही मी ‘मिळाले’ लिहून सही ठोकली. अशा माणसाने आयुष्यात एकच पोच मुद्दाम दिली नाही. बायकोलाही हे इथेच कळेल.

गास गावाच्या रस्त्यावरची आमची इमारत तळमजल्यावरच्या काकांच्या वाडीत उभी राहिली. केळी गेल्या, विहीर बुजली. काकांना फ्लॅट मिळाला आणि आवारात एक सोनचाफा उरला. रोज सकाळी काका प्रत्येक दाराच्या कडीत दोन फुलं अडकवून जात. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मी गाडी घेतली, आणि ती उभी करायला जागा उरली होती एकच. तिथे चाफा उभा होता.

काकांची जुनी सवय अशी, की अर्ज दोन प्रतींत आणायचा आणि दुसरीवर माझी सही घेतल्याशिवाय हलायचं नाही. वैतागून आम्ही ठराव केला: यापुढे अर्ज फक्त ईमेलने. काका नातीकडून तेही शिकले. झाड तोडण्यासाठी पालिकेची परवानगी आधीच हातात होती, फक्त सभा व्हायची होती. तेवढ्यात त्यांचा पहिलावहिला मेल आला. ‘माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. सभा पंधरा दिवस पुढे ढकलावी. झाडाबद्दल मला बोलायचे आहे.’ खाली ठळक अक्षरांत: ‘आपली पोच आल्याशिवाय हा अर्ज लागू धरू नये.’

त्यांनी ते मला बांधून घालायला लिहिलं होतं. पण कारखान्यात एका वकिलांनी आम्हाला शिकवलं होतं, की पाठवणाऱ्याने स्वतःच अशी अट घातली आणि पोच आली नाही, तर तो मेल मुळात पाठवलाच नव्हता असं कायदा धरतो. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. ते मला उत्तम जमतं.

सभेत अध्यक्षांनी विचारलं, “काकांचं काही आलंय का?”

“कायद्याने काही आलेलं नाही,” मी म्हणालो. ‘कायद्याने’ कुणालाही खटकलं नाही. दोन दिवसांत चाफा गेला.

काका काळा चष्मा लावून परतले. चाफ्याच्या जागी माझी गाडी दिसली. मग म्हणाले, “मी मेल केला होता रे.”

“स्पॅममध्ये गेला असेल, काका.”

“छे, मीच काहीतरी भलतं दाबलं असणार.”

तेव्हापासून काका प्रत्येक मेल तीनदा पाठवू लागले आणि वर तीन मजले चढून माझ्या दारात यायला लागले.

“टाकीच्या सफाईचा पोहोचला का रे?”

“पोहोचला, काका. तिन्ही पोहोचले.”

“नीट बघ हो. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

ते उतरले की बायको म्हणायची, “एक ओळ लिहायला तुमचं काय जातं हो? म्हाताऱ्या माणसाला चढवता!”

दोन वर्षं मी हे ऐकलं. गेल्या महिन्यात एका रविवारी तो जुना मेल उघडला आणि उत्तर लिहिलं: ‘आपला अर्ज मिळाला. पाठवलात त्याच दिवशी मिळाला होता. वाचलाही होता. मला गाडी लावायची होती.’

काका वर आले. हातात माझ्या उत्तराच्या दोन प्रती.

“म्हणजे मी बरोबर दाबलं होतं?”

“हो, काका.”

“पहिल्याच खेपेला?”

“पहिल्याच.”

त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला, की मला वाटलं, सुटलो. मग त्यांना झाड आठवलं असावं.

“गाढवा,” ते म्हणाले, “सही कर. तारीख टाक.”

मी दुसऱ्या प्रतीवर सही केली. “काका, मला माफ कराल का?”

“मेलवर कळवीन,” म्हणाले आणि जिना उतरले.

गाडी आता बाहेर रस्त्यावर असते. त्या जागी काकांनी चाफ्याचं कलम लावलंय. पाणी मी घालतो. ते खिडकीतून बघतात. मेल अजून आलेला नाही. मी रोज बघतो. स्पॅमही उघडतो.