मेथीचं शेत आणि मधली खोली

माझ्या सासऱ्यांनी एकदा घरापुढचं अंगण खणून त्यात मेथी पेरली होती. भाजीसाठी नव्हे, सख्ख्या बहिणीला घरात वाटा मिळू नये म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात. मीही आता हसते. तेव्हा मात्र त्या मेथीला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं.

घर चाकणचं, नाशिकच्या रस्त्याला लागून. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक तीन खोल्या: पुढची, मधली आणि मागचं स्वयंपाकघर. पुढं ऐसपैस अंगण. सासरे नालबंद होते, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचे. बाजाराच्या दिवशी अंगणात चार-पाच बैलजोड्या उभ्या असत. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा पिंपरीला नव्या कारखान्यात लागला होता. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला तेवढा घरी यायचा. म्हणजे घरात सासरे आणि मी, दोघंच. मी पुण्याची, सातवी पास, म्हणून घरातलं वाचणं-लिहिणं सगळं माझ्याकडे. बोलणं आमचं दखनी उर्दूत चालायचं, पण भांडण मराठीत. शेजाऱ्यांना समजलं नाही तर भांडणाचा उपयोग काय?

सासऱ्यांची थोरली बहीण तळेगावला दिलेली. तिला आम्ही फुफी म्हणायचो आणि सासरे आपा म्हणायचे. बुजऱ्या बैलाला एका हिसक्यात आडवा पाडणारा हा माणूस आपाचं नाव निघालं की टोपी सरळ करायचा.

छप्पन्न साली हिंदू मुलींना बापाच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला. फुफीच्या तळेगावच्या शेजारणीनं ही बातमी मोठ्या आनंदानं आणली. फुफी ऐटीत म्हणाली, "आमच्यात तेराशे वर्षांपासून आहे!"

शेजारणीनं भोळेपणानं विचारलं, "असं? मग तुम्हाला काय मिळालं हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं फुफी चाकणला हजर. मी चटई टाकली तर बसेना.

"आधी तुझ्या सासऱ्याला बोलाव," ती म्हणाली. "मला विचारायचंय, मी ज्या जमिनीवर बसणार ती कुणाची?"

सासरे हातोडी घेऊनच आत आले. फुफीनं सरळ विषयाला हात घातला. दोघांचे अब्बा जाऊन तीन वर्षं झाली. घर अब्बांचं. मागं एक मुलगा, एक मुलगी. शरीयतप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक. तो एक कुठाय?

सासरे म्हणाले, "आपल्यात तसा रिवाज नाही, आपा. बहिणी हक्क सोडतात."

"मी कधी सोडला?"

"मागितला नाहीस, म्हणजे सोडलाच की."

"आज मागते."

सासऱ्यांनी दुसरा डाव टाकला. हॉटेलात चहा पिताना त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. "हे बघ, दिल्लीत राज्यघटना झालीय. तिच्यात लिहिलंय, सगळ्या धर्मांना एकच कायदा येणार. तो येऊ दे. त्यात बसेल ते देतो."

"कधी येणार?"

"ते सरकारला ठाऊक."

"मी साठीला आले," फुफी म्हणाली. "सरकारला माझं वय कळव."

शेवटी वकिलाला विचारायचं ठरलं. वकील खेडला, कचेरीसमोर. आधी कोण जाणार यावर पुन्हा वाद झाला, कारण जो आधी जाईल तो वकिलाचे कान भरणार. मग दोघंही एकाच एसटीनं निघाले, आणि लिहून घ्यायला मी. दोघं शेजारी बसले होते, पण बोलत नव्हते. वाटेत फुफीनं पिशवीतून पेरू काढला, चाकूनं कापला, मीठ लावलं आणि मला म्हणाली, "त्याला दे." सासऱ्यांनी खाल्ला. मग मला म्हणाले, "तिला सांग, मीठ कमी आहे."

वकील वयस्क होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे आमच्या घरची सगळी हकीकत ओरडून सांगावी लागली. व्हरांड्यातले इतर पक्षकार आपापल्या केसेस विसरून आमची ऐकत बसले.

"तुमच्यात वादी कोण?" वकिलांनी विचारलं.

"मी मोठी आहे," फुफी म्हणाली.

वकिलांनी ते तसंच धरलं आणि समजावून सांगू लागले. घटनेत तसं कलम आहे खरं. सगळ्या नागरिकांना एकच दिवाणी कायदा व्हावा यासाठी सरकारनं प्रयत्न करावा, असं ते म्हणतं. पण ते सरकारला दिलेलं मार्गदर्शन. ते हातात धरून कोर्टात जाता येत नाही.

"आणि तोवर?" फुफीनं ओरडून विचारलं.

"तोवर जुने कायदे चालू. घटनेनंच ते चालू ठेवलेत. त्यातला एक इंग्रजांच्या वेळचा आहे. मुसलमानांच्या वारशात रिवाज बघायचा नाही, शरीयत बघायची."

व्हरांड्यातून कुणीतरी म्हणालं, "जिंकली म्हातारी."

फुफी मात्र विचारात पडली होती. "वकीलसाहेब, माझ्या शेजारणीला आता भावाच्या किती मिळणार?"

"बापाच्या स्वतःच्या कमाईत? भावाइतकंच. वडिलोपार्जितात जरा वेगळं आहे, पण—"

"भावाइतकंच? आणि मला निम्मं?"

"शरीयतप्रमाणे, हो."

"आणि तो सगळ्यांचा एकच कायदा आला, तर?"

"बहुधा सारखंच होईल."

फुफीनं पदर सावरला. "मग थांबते मी. येऊ दे तो कायदा."

सासरे ताडकन उठले. "थांबायचं कशाला? शरीयत असताना थांबायचं कशाला? अल्लाचा कायदा आहे! दोन वाटे भावाला, एक बहिणीला. यात कुणी हात घालायचा नाही!"

घरून निघताना कोण कशाच्या बाजूचं होतं ते आठवून मला हसू दाबता येईना. एका पेरूच्या अंतरात दोघांनी जागा बदलल्या होत्या.

एवढ्यावर मिटलंही असतं. पण वकील प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मात्र एक आहे. हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. शेतजमिनीत तुमचा रिवाज सिद्ध झाला, तर तो चालेल."

"शेतजमीन का सोडली?" फुफीनं विचारलं.

"तो विषय तेव्हा प्रांतांकडे होता, असं कागदावर आहे. बाकी कारण जमीनदारांना विचारा."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो मी ओळखायला हवा होता. ते गोड आवाजात म्हणाले, "आमच्या घराण्यात बहिणीला वाटा मागायचा रिवाजच नाही, साहेब. कुणी कधी मागितलेला नाही."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे का, सूनबाई? तुमच्या घरातून असा हिस्सा कधी कुणी मागितला नाही?"

मी लिहीत होते. लिहिताना माणूस खरं बोलून जातो. मी म्हणाले, "सासऱ्यांनीच मागितलाय की. माझ्यासाठी. माझ्या भावाकडे."

झालं होतं असं: त्याच वर्षी माझे वडील वारले आणि चाळिसाव्या दिवसानंतर सासऱ्यांनी माझ्याच हातानं माझ्या भावाला पत्र लिहून घेतलं होतं. 'मुलीचा हिस्सा देणं फर्ज आहे, तो खाणाऱ्याला कयामतीला जाब द्यावा लागेल,' अशी सगळी भाषा. (त्या पत्राला भावानं उत्तरच दिलं नाही. माझा हिस्सा मला पुष्कळ वर्षांनी मिळाला, ती वेगळी लढाई.)

व्हरांडाभर हशा पिकला. फुफी हसली नाही. तिनं फक्त भावाकडे बघितलं. परतीच्या एसटीत पेरू निघाला नाही.

मला वाटलं, घरी गेल्यावर माझी धडगत नाही. पण सासरे माझ्यावर रागावले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच कुदळीचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर ते अंगण खणताहेत. पत्र्यांचे जुने खिळे, खुरांचे तासलेले तुकडे, बैलांच्या दोऱ्या, असं वीस वर्षांचं सामान वर येत होतं.

"हे काय करताय, अब्बा?"

"शेत," ते म्हणाले.

बी दिलं शेजारच्या शेतकऱ्यानं. गेली कित्येक वर्षं तो आपल्या बैलांना आमच्याकडेच पत्र्या मारायचा. अंगण बघून तो चक्रावला. "नालबंद, आता बैल पाडायचा कुठं?"

"रस्त्याकडंला."

"आन् हितं?"

"हितं मेथी."

"खायाला?"

"न्हाई. कोर्टाला."

शेतकऱ्यानं एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. मग म्हणाला, "व्हय," आणि घरी जाऊन बायकोला घेऊन आला, तिलाही बघता यावं म्हणून.

मेथी मात्र झकास आली. इतकी वर्षं बैल उभे राहिलेली जमीन, खताला काय तोटा? सासरे सकाळ-संध्याकाळ बांधावरून, म्हणजे उंबऱ्यावरून, पिकाची पाहणी करत. तलाठ्याला त्यांनी निरोप धाडला की आमच्या शेताची नोंद करायला यावं. मी विहिरीवरून घागरी आणत होते आणि फुफीचा वाटा बुडावा म्हणून घाम गाळत होते. एकदा पाणी घालताना मनात आलं, उद्या माझ्या भावानंही पुण्यातल्या घरात कांदे लावले तर?

महिन्याभरात फुफी आली. तिनं अंगण बघितलं, खाली बसली आणि चांगली पदरभर मेथी उपटली.

सासरे धावले. "आपा, पीक आहे ते!"

"पिकात तरी वाटा आहे ना मला?" ती म्हणाली आणि आत जाऊन भाजी टाकली.

जेवताना ती मला म्हणाली, पण आवाज भावाला ऐकू जाईल असा होता, "तळेगावचं घर मुलांचं आहे. सुना चांगल्या आहेत, पण घर त्यांचं. इथं आले की मी पाहुणी. माझा जन्म त्या मधल्या खोलीत झाला. मला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. मला फक्त एक दार माझं हवंय."

सासरे घास चावत म्हणाले, "मागतेस कशाला? सगळं घर तुझंच आहे."

"माझंच असेल तर कागदावर लिही."

सासऱ्यांनी पाणी मागितलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी तलाठी येणार होते. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला. रस्त्याकडेला पाच जोड्या पत्र्यांसाठी ताटकळत होत्या आणि त्यांचे मालक चहाला गेले होते. तेवढ्यात कांद्याचा एक ट्रक भोंगा वाजवत आला. बैल बुजले आणि त्यांना जी जागा आयुष्यभर माहीत होती तिथं, म्हणजे आमच्या अंगणात घुसले. दहा बैल. मी ओरडत फडकं हलवत होते, सासरे शिंगं धरून ओढत होते, पण कोवळी मेथी तोंडाशी आलेला बैल कुणाचं ऐकतो? चहा संपवून मालक येईपर्यंत शेत उरलं नव्हतं.

आणि तलाठी आले. त्यांनी वही उघडली. तुडवलेली माती, शेणाचे पो आणि तृप्त होऊन रवंथ करणारे बैल बघून विचारलं, "पीक कोणतं?"

शेजारचा शेतकरी म्हणाला, "मेथी व्हती, रावसाहेब. आता बैलात हाय."

तलाठ्यांनी वही मिटली. "नालबंद, हे गावठाण आहे. इथं तुम्ही उद्या ऊस लावला तरी ते गावठाणच राहणार. त्याची शेतजमीन होत नाही."

"म्हणजे आधीपासूनच नव्हती होत?"

"नव्हती."

सासरे शेणामातीतच उकिडवे बसले. मला भीती वाटली, यांना काही झालं की काय. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग थोडा वेळ नुसतंच पाणी येत राहिलं. मला म्हणाले, "कागद आण, लिही."

वाटणी सोपी होती. तीन खोल्या, दोन त्यांच्या, एक फुफीची. फुफीनं मधली घेतली. वकिलांनी जायला-यायला वाट ठेवण्याचं कलम सुचवलं, पण सासरे ऐटीत म्हणाले, "गरज नाही. बहिणीच्या घरातून मी ये-जा करणार नाही." फुफीनं पितळी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि तळेगावला निघून गेली.

घटनेत शरीयतला कुठली जागा आहे, यावर मी पुढं मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. आमच्या घरात तिला मधली जागा मिळाली होती आणि तिचा ताप माझ्या पायांना होता. सासरे पुढच्या खोलीत जेवायचे, चूल मागच्या खोलीत, मध्ये कुलूप. सबंध पावसाळाभर मी भाकरीचं ताट पदराखाली धरून घराला वळसा घालत होते. दोनदा घसरून पडले. कालवण पातळ झालं की सासरे काही न बोलता खायचे. त्यात किती पाऊस होता हे त्यांनाही ठाऊक होतं.

ईदला फुफी आली. तिनं कुलूप उघडलं, जाळी काढली, सारवलं, कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली. मग मला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला माझ्या घरी जेवायला बोलावलंय म्हणून सांग."

मी तीन पावलं चालून पुढच्या खोलीत निरोप दिला. सासऱ्यांनी आंघोळ केली, शेरवानी घातली, अत्तर लावलं. पुढच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून, स्वयंपाकघरातून आत येऊन त्यांनी मधल्या खोलीच्या उघड्याच दारावर टकटक केली.

"या, बसा," फुफी म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती त्यांना अहो-जाहो करत होती.

सासरे अवघडून चटईच्या टोकाला बसले. बिर्याणीचा पहिला घास घेतला आणि राहवलं नाही. "मसाला जास्त झालाय, आपा."

"पाहुण्यानं नावं ठेवायची नसतात," फुफी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, ताट पुढं केलं आणि आणखी मागितली.